फियाटला पंखा: आखाजीपर्यंतच्या नोंदी

२ मार्च, रविवार

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९१ची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशीच आहे. रंग एकदा झाला, सीट दोनदा शिवल्या, बाकी सगळं मूळचं. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच म्हणतात. कापसाला चांगला भाव लागला त्या वर्षी आबांनी ती घेतली. माझं आणि ताईचं लहानपण तिच्या मागच्या सीटवर गेलं.

काम असं आहे: रेडिएटरसमोर विजेवर चालणारा जादा पंखा बसवायचा. गेल्या मे महिन्यात पारोळ्याच्या बाजारात एका वरातीमागे वीस मिनिटं अडकलो होतो. गाडीने पाणी फेकलं. आबा पुढच्या सीटवर होते, बाहेर रस्त्यावर सावली नाही, आणि बोनेटमधून वाफ. त्या दिवशीच ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याआधी हे करायचं. यंदा मुदतही आहे. ३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई घाटापलीकडे कन्नडला दिलेली. मुराळी म्हणून मला तिला आणायला जायचंय, आणि आबांनी सांगून ठेवलंय की फियाटनेच जायचं. म्हणजे एप्रिलच्या शेवटी चाळीसगावचा घाट चढायचा.

फियाटचा मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो आणि बेल्टवर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. रस्त्यावर गाडी पळत असली की समोरून आलेली हवाच रेडिएटर थंड करते, पंख्याची फारशी गरज पडत नाही. गरज पडते ती उभं राहिल्यावर, आणि नेमका तेव्हाच तो सर्वात हळू फिरत असतो. आमच्या अमळनेरात मे महिन्यात सावलीतही ४३-४४ अंश असतात, तेव्हा हा दोष उघडा पडतो.

आबांची एकच अट: "गाडीले एक बी भोक पाडानं नही." ती मी माझीही अट करून घेतली. जे बसवीन ते तासाभरात काढून ठेवता आलं पाहिजे, आणि काढल्यावर तिथे काही होतं हे ओळखू येऊ नये.

आधी मोजमाप. वरच्या होज पाईपला लागून जिथून इंजिनचं गरम पाणी बाहेर येतं त्या नळीवर काळी चिकटपट्टी लावली आणि त्यावर आयआर गन (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) धरली. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खूप कमी आकडा दाखवते, काळ्या पट्टीवर खरा. बाहेर ३४ अंश. ५०च्या वेगाने दहा किलोमीटर जाऊन थांबल्याबरोबर ८८. ७०ने गेलो तेव्हा ९३. अंगणात पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर ९८, आणि काटा वर सरकतच होता.

९ मार्च, रविवार

गॅरेजवाल्या चाचांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, फियाट आणि जीप यांवर हात बसलेला. पंख्याचं सांगितलं तर त्यांनी माझे आकडे विचारले, ७०वरचा ९३ ऐकला आणि म्हणाले, "पंखा मंग लाव भाऊ, पहिले तिन्हं पोट साफ कर."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. नुसता हवेचा प्रश्न असता तर ७०च्या वेगात गाडी जास्त थंड राहिली असती, हवा तिथे भरपूर असते. वेगाबरोबर आकडा चढतोय याचा अर्थ पाणीच नीट फिरत नाही.

रेडिएटर काढला. वरचं झाकण उघडून आत टॉर्च मारली तर नळ्यांच्या तोंडाशी पांढरी पपडी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला किती क्षार आहेत ते वेगळं सांगायला नको, घरातली बादली बघितली की कळतं. ३४ वर्षांत कुणी ना कुणी घाईत बोअरचं पाणी ओतलंच असणार. मीही ओतलंय. समोरच्या जाळीत कापसाचे धागे, माती आणि वाळलेले किडे यांचा थर होता, तो पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे काढला. पुढून मारला तर कचरा आणखी आत जातो.

एक गोष्ट आणखी सापडली. थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. त्याचं घर रिकामं होतं. कधीतरी कुणी मिस्त्रीने "गाडी थंड राहील" म्हणून काढून टाकलेला दिसतो. ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. थर्मोस्टॅट काढल्याने तापलेल्या गाडीचा मूळ आजार जात नाही, फक्त हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि तेलात पाण्याचा अंश राहतो.

११ मार्च, मंगळवार

रेडिएटर धुळ्याला रॉडिंगला दिला होता, तो आणला. तांब्या-पितळेचा असल्यामुळे वरची टाकी झाळ काढून उघडता आली, प्रत्येक नळीत पट्टी घालून साफ केली आणि परत झाळली. हल्लीच्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या रेडिएटरला हे करता येत नाही, तो बदलावाच लागतो. दोन नळ्या पूर्वीच कुणीतरी झाळून बंद केलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

१६ मार्च, रविवार

नवा थर्मोस्टॅट आला. बसवण्याआधी गॅसवर तपासला. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगलेला, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. ८२ला फट दिसायला लागली, ९४ला पूर्ण उघडला. गॅस बंद केल्यावर ७८च्या आत घट्ट मिटला. आईने पातेलं परत घेतलं नाही, ते आता माझ्या दुकानात.

पाणी आणि कूलंट: बाटलीवर निम्मं-निम्मं लिहिलेलं असतं. मी एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर घेतलं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण खान्देशात गोठण्याची भीती कुणाला? उलट कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आपल्याला त्यातलं गंज रोखणारं औषध हवंय, तेवढ्याला एक तृतीयांश पुरतं. झाकणाचं रबर कडक झालं होतं, झाकण नवीन घेतलं. झाकण म्हणजे निव्वळ बूच नाही. आत जितका दाब धरून ठेवेल तितकं पाणी उशिरा उकळतं, दर पाउंड दाबामागे साधारण दीड अंश. रबर गेलं की गाडी तेवढ्याच तापमानाला पाणी फेकायला लागते.

पुन्हा मोजलं. बाहेर ३६. ५०ला ८४, ७०लाही ८४. अंगणात पंचवीस मिनिटांनी ९५. पंखा अजून विकतही घेतलेला नाही आणि अर्धा आजार गेला. उरला तो फक्त उभं राहण्याचा, आणि आता पंखा लावायला खरं कारण आहे. हे काम आधी केलं नसतं तर पंख्याने चार महिने दुखणं झाकलं असतं आणि घाटात ते बाहेर आलं असतं.

२३ मार्च, रविवार

जागेचा अंदाज. इंजिनच्या बाजूला मूळ पंखा आणि रेडिएटर यांच्यात हाताचा पंजा जेमतेम जातो, तिथे मोटर बसणं शक्य नाही. म्हणून पंखा पुढे, ग्रिल आणि रेडिएटर यांच्यामध्ये. म्हणजे तो हवा मागून ओढणार नाही, पुढून ढकलणार.

पुठ्ठ्याचे दोन गोल कापले, एक १२ इंची आणि एक १० इंची. १२ इंची खाली आडव्या पत्र्याला अडतो. १० इंची सगळीकडून बोटभर मोकळा राहतो. मोटरच्या जाडीसाठी पुठ्ठ्याच्या मधोमध एक जुनी डबी चिकटवून पाहिली, ग्रिल आणि डबी यांच्यात दोन बोटं राहिली. हा पुठ्ठ्याचा खेळ अर्ध्या तासाचा आहे आणि पैसे वाचवतो. कुणीही असं काम काढलं तर आधी पुठ्ठा.

मूळचा पंखा काढायचा का, असं दोघांनी विचारलं. बेल्टवरचा भार कमी होतो, थोडं पेट्रोल वाचतं, हे खरं. मी काढणार नाही. विजेचा पंखा फ्यूज उडाला की गप्प होतो. बेल्टचा पंखा बेल्ट आहे तोवर फिरतो, आणि बेल्ट नसेल तर वॉटर पंपही नाही, मग तशीही गाडी थांबवावीच लागते.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी, मग गाडीला हार, मग काम.

जळगावहून मारुती ८००च्या धर्तीचा पंखा आणला होता, स्वस्त आणि कुठेही मिळणारा. तो मूळचा रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा. मला पुढून ढकलणारा हवा. माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. शेतकऱ्याची थ्री फेज मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या, हे मी दिवसातून तीनदा करतो. इथे तर डीसी मोटर, प्लस-मायनस उलटं केलं की दिशा उलटी. केलं. फिरला. हवा इंजिनकडे जायला लागली.

पण हात धरला तर वारा कमी. रेडिएटरच्या मागे वर्तमानपत्राचा तुकडा धरला, नुसता थरथरला. सुलट दिशेला फिरवून तिथेच तो कागद लावला तर जाळीला चिकटून बसला.

कारण पात्यात आहे. पातं सपाट नसतं, त्याला पोट असतं, विमानाच्या पंखासारखं. उलटं फिरवलं की पोटाची बाजू चुकते, वारा जातो त्या दिशेला पण अर्ध्या जोराने, आणि करंट मात्र जवळपास तेवढाच. पंपवाल्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. बोअरची मोटर उलटी फिरली तरी पाणी वरच येतं, फक्त कमी येतं, आणि शेतकरी म्हणतो "मोटर चालू शे, पन पानी दमदार नही". तक्रार घेऊन येणाऱ्या दर चार जणांत एकाचं कारण हेच निघतं. ज्या गोष्टीचं मी निदान करून पैसे घेतो ती माझ्याच कामात मला कागद धरेपर्यंत दिसली नाही, याचं दिवसभर वाईट वाटलं.

पंखा काढून ठेवला.

३ एप्रिल, गुरुवार

दुसरा पंखा, १० इंची, पातळ बांध्याचा, पातं काढून उलटं बसवता येणारं. म्हणजे मोटरची दिशाही बदलायची आणि पातंही पालटायचं, दोन्ही केलं तरच पूर्ण वारा. आता कागद रेडिएटरच्या मागून उडून गेला.

क्लॅम्प मीटरवर चालू असताना ७ अँपिअर. सुरू होण्याच्या क्षणी २०च्या वर उसळी, लगेच खाली.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

पंखा टांगण्याचं काम. खोक्यात प्लॅस्टिकच्या चार काड्या आल्या होत्या, त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालून पंखा थेट जाळीला घट्ट करायचा. कृपा करून कुणी हे करू नका. पंखा थरथरतो, काडी नळीला घासते, आणि आपल्या रस्त्यांवर एका उन्हाळ्यात नळीला छिद्र पडू शकतं. जाळी हवा जाण्यासाठी आहे, वजन पेलण्यासाठी नाही.

लोखंडी फ्लॅट पट्टी घेतली, २० मिमी रुंद, ३ मिमी जाड. दोन उभ्या पट्ट्या, वर आणि खाली रेडिएटरचे जे मूळ बोल्ट आहेत त्यांच्याच खाली धरलेल्या. बोल्ट तेच, फक्त पट्टीच्या जाडीपुरते लांब घेतले. पट्टीला भोकं पाडली, गाडीला नाही. पंखा आणि पट्टी यांच्यामध्ये ट्यूबच्या रबराचे तुकडे. जाळीपासून पंख्याची कडा बोटाच्या पेराएवढी दूर, चिकटून नाही, म्हणजे धक्क्यात टेकणार नाही.

आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. काम झाल्यावर उठून आले, वाकून पाहिलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि भोक कुठे आहे का ते स्वतः शोधलं. सापडलं नाही. काही बोलले नाहीत, पण दुपारी जेवताना आईला सांगितलं की पोराने काम नीट केलं. भरीत आणि कळण्याची भाकरी होती.

१३ एप्रिल, रविवार

वायरिंग. हा भाग माझ्या धंद्याचा, म्हणून जरा सविस्तर.

गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावायचा नाही. जुन्या वायरीचं इन्सुलेशन वाकवलं की तडकतं, आणि त्या काळच्या फ्यूजच्या डब्यावर हा नवा भार टाकणं योग्य नाही. पंख्याचा जोर बॅटरीवरून थेट, रिलेमार्फत. रिले म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पिनांना नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज पंख्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो पंख्याजवळ लावला आणि वायर मध्येच पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजला पत्ताही लागत नाही आणि गाडी पेटते. ८७ पंख्याला. ८६ला चावी चालू असतानाच येणारी वीज, ही एकच बारीक वायर इग्निशनकडून घेतली. ८५ तापमानाच्या स्विचला, आणि स्विच तापला की ती अर्थ होते, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली जाते.

वायर २.५ चौरस मिमीची तांब्याची. दुकानात १ चौरस मिमी पडून होती आणि ती ७ अँपिअर सहज नेते, मग जाड कशाला? जाऊन-येऊन चार मीटर अंतर आहे. बारीक वायरीत त्या चार मीटरमध्ये सुमारे अर्धा व्होल्ट जातो, जाड वायरीत ०.२. १२ व्होल्टच्या यंत्राला अर्धा व्होल्ट थोडका नाही, पंख्याच्या वाऱ्यात तो कळतो.

डॅशबोर्डखाली पूर्वी फॉग लॅम्पचा स्विच होता, त्याचं भोक रिकामं होतं. त्यात हाताने चालवायचा स्विच बसवला, आत हिरवा दिवा. पंखा कशानेही सुरू झाला तरी दिवा लागतो. आपोआप काम करणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास तेव्हाच बसतो जेव्हा ती काम करतेय हे मला दिसतं.

तापमानाच्या स्विचसाठी रेडिएटरला बोळकं झाळून घेतात, पण तो बदल कायमचा. मी वरचा होज मधोमध कापला आणि मध्ये ॲल्युमिनियमची नळी घातली, तिच्या पोटाला २२ मिमीच्या आट्याचं तोंड, त्यात स्विच. मूळ गाडी परत हवी तर नवा होज घालायचा, संपलं. स्विच आधी पातेल्यात तपासला: ९३ला लागतो, ८८ला सुटतो. थर्मोस्टॅट पूर्ण उघडायच्या सुमारास पंखा लागतो, ही जोडी बरी आहे. याहून कमी तापमानाचा स्विच घेतला असता तर पंखा थांबलाच नसता.

संध्याकाळी इंजिन चालू केलं. ९३, ९५, ९७. पंखा लागला नाही. हाताने स्विच दाबला तर लागतो. अंधार पडला, ठेवून दिलं.

१५ एप्रिल, मंगळवार

दुकान बंद करून रात्री परत बसलो. स्विचची पिन काढून पत्र्याला टेकवली, पंखा लागला. म्हणजे रिले, फ्यूज, वायर सगळं ठीक. स्विच परत पातेल्यात घातला, तोही ठीक. मग दोष कुठे?

स्विच एका पिनचा आहे. त्याचं दुसरं टोक म्हणजे त्याचं अंग, आणि अंग अर्थ होतं ज्या धातूत तो बसला आहे त्यातून. इंजिनमध्ये किंवा रेडिएटरमध्ये बसवला असता तर अर्थ आपोआप मिळाली असती. माझी नळी दोन्ही बाजूंनी रबराच्या होजमध्ये आहे. तिला अर्थ मिळणार कुठून? ती हवेत तरंगते आहे.

होजच्या क्लॅम्पखाली नळीला टेकवून एक लग (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) दाबला, त्याची वायर इंजिनच्या ब्लॉकवर. आट्यावर टेफ्लॉन गुंडाळलं होतं तेही काढलं, त्यामुळे संपर्क तुटतो, तिथे तांब्याचा वॉशर पुरेसा आहे. ९३ला खट् आवाज, हिरवा दिवा, पंखा. तीन मिनिटांनी ८८ला बंद. रात्रीचे अकरा वाजले होते तरी आबांना उठवून दाखवलं.

२० एप्रिल, रविवार

दुपारी दोन वाजता चाचणी, सावलीतला थर्मामीटर ४२. अंगणात चाळीस मिनिटं इंजिन चालू. पंखा लागतो, चार मिनिटं चालतो, थांबतो, पुन्हा लागतो. काळ्या पट्टीवर ९४च्या वर आकडा गेला नाही.

चार्जिंग: इंजिन मंद, पंखा आणि हेडलाईट दोन्ही चालू तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीतून थोडं जातंय. इंजिनचा वेग जरा चढवला की १३.८. मंद गती कार्बोरेटरच्या स्क्रूवर थोडी वाढवली, आता १३.१ राहतात. आमच्या गाडीला अल्टरनेटर आहे म्हणून हे जमलं. ज्यांच्या जुन्या फियाटला डायनामो आहे त्यांनी आधी तो बदलावा, मंद इंजिनवर डायनामो जवळपास काहीच देत नाही.

चाचा संध्याकाळी येऊन गेले. "आते कशी व्हयनी?" म्हणत बोनेटमध्ये डोकावले. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला आणि अर्धा पाना घट्ट करायला लावला. हे मी तपासलं नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार

पारोळ्याला आबांना घेऊन गेलो. गाडी तापली नाही. पण शेव घ्यायला दहा मिनिटं थांबलो आणि नंतर सुरू होईना. पाणी ठीक, वीज ठीक, कार्बोरेटर कोरडा.

आबांनी दार उघडलं, डिकीतून फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर घातलं. पाच मिनिटं. सुरू झाली. हे मी लहानपणी वीस वेळा पाहिलंय आणि विसरून गेलो होतो.

फियाटचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि ब्लॉकमधली सगळी उष्णता आजूबाजूला पसरते. त्या दहा मिनिटांत पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत राहतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने वाफ आणखी लवकर धरते. माझ्या पंख्याने रेडिएटर सांभाळला, पण चावी काढल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

चावी बंद झाल्यावरही पंखा चालावा असं वायरिंग करता येईल. पाच मिनिटं चालला तरी बॅटरीतून अर्धा अँपिअर-तास, काहीच नाही. पण पाणी फिरत नसताना तो नुसता रेडिएटर गार करील, पंप तसाच तापलेला राहील. आणि इंजिन बंद करून चावी चालू ठेवणं तर वाईटच, इग्निशनचे पॉइंट जोडलेले राहिले तर कॉइल तापून जळते. म्हणून वायरिंग आहे तसंच ठेवलं.

२६ एप्रिल, शनिवार

पंप काढला. पंप आणि ब्लॉक यांच्यात बेकेलाइटची जाड चकती असते, उष्णता अडवायला. आमची तडकून अर्धी झाली होती. नवी घातली, दोन्हीकडे गॅस्केट. डायफ्रॅम आणि रबरी पाईप हिवाळ्यातच इथेनॉल सोसणारे घेतले होते. एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा, पंपाच्याच बोल्टवर धरलेला. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते तिथे काचतंतूचं आवरण चढवलं.

आणि आबांची जुनी सवय मी आता नियम म्हणून धरली: लांबून आल्यावर लगेच चावी काढायची नाही. हाताने पंखा लावून एक मिनिट इंजिन मंद चालू द्यायचं, मग बंद करायचं, आणि उन्हात थांबायचं असेल तर बोनेट उघडं ठेवायचं. फडकं डिकीत आहेच, ते काढणार नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

पहाटे साडेपाचला निघालो. आबा शेजारी. पारोळा, भडगाव, चाळीसगाव. चाळीसगावला चहा, पाणी तपासलं, एक थेंब कमी नाही.

मुद्दाम सकाळी लवकर चढायचं होतं, पण भडगावच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याचं काम होतं आणि घाटाच्या पायथ्याशी दहा वाजले. समोर एसटी, मागे जीपगाड्यांची रांग. दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्यात. इथेच मागच्या वर्षीची गाडी उकळली असती. इंजिनवर भार पूर्ण आणि वेग सायकलचा, म्हणजे समोरून हवा नाही. हिरवा दिवा तिसऱ्या वळणावर लागला. मी आणि आबा दोघेही त्या दिव्याकडेच बघत होतो. पाच-सहा मिनिटं लागलेलाच राहिला. मग विझला. मग एका वळणावर सगळेच उभे राहिले, तेव्हा परत लागला. वर पोचेपर्यंत तीनदा.

माथ्यावर मोकळ्या जागेत घेतली. एक मिनिट इंजिन चालू, मग बोनेट उघडलं. काळ्या पट्टीवर ९१. खाली आपला खान्देश धुरकट दिसत होता, वर वारा सुटलेला. वीस मिनिटं थांबलो. पहिल्या सेल्फला सुरू झाली, फडकं लागलं नाही.

ताई दारातच उभी होती. गाडी बघून तिने आधी बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "तापनी नही?"

परतीला उतार. दुसऱ्या गिअरवरच उतरलो, पंखा एकदाही लागला नाही. ताई आणि भाची मागे झोपल्या.

४ मे, रविवार

आखाजी झाली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, अंगणातल्या निंबाला झोका. ताई गुरुवारी परत गेली, या वेळी बसने, मेव्हणे न्यायला आले होते.

गाडी उघडून पाहिली. पट्टीचे चारही बोल्ट घट्ट. रबराचा एक तुकडा सरकलाय, तो बदलला. अर्थच्या लगवर थोडी पांढुरकी भुकटी, ॲल्युमिनियम आणि तांबं एकत्र आलं की ती येते, घासून ग्रीस लावलं. दर महिन्याला बघावं लागेल. रिले आत्ता उघडा आहे, पावसाच्या आत त्याला उलट्या वाटीसारखं झाकण करायचं आणि वायरींची तोंडं खाली वळवायची.

कापलेल्या होजचे जुने तुकडे, मूळचे आखूड बोल्ट आणि जुनं झाकण एका डब्यात घालून डिकीत ठेवलंय. डब्यावर आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: फियाटचं मूळ सामान.